छोट्या पतंगांचं कूळ कसं ठरवायचं?

दिव्याखाली पांढरं कापड टांगलं की मोठे, रंगीत पतंग लगेच नजरेत भरतात. त्यांच्या आजूबाजूला बसलेले 5 ते 10 मि.मी.चे करडे, तपकिरी जीव मात्र फोटोतून सुटतात. फोटो निघालाच तर 'एक छोटा पतंग' एवढ्या नोंदीवर त्यांची बोळवण होते. पतंगांची बरीचशी विविधता याच दुर्लक्षित गर्दीत आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत खवलेपंखी गणाच्या, म्हणजे पतंग आणि फुलपाखरं मिळून, सुमारे 1 लाख 57 हजार जाती होत्या. त्यांत फुलपाखरं 19 हजारांच्या आत. उलट टॉर्ट्रिसिडी या छोट्या पतंगांच्या एकट्या कुळातच 10 हजारांवर जाती, क्रॅम्बिडीत साडेनऊ हजारांवर आणि गेलेकिइडीत सुमारे 4,700.

पुढे सांगितलेली पद्धत तुम्हाला कुळापर्यंत नेईल. जातीचं नाव पुष्कळदा त्यापुढे राहतं आणि नुसत्या फोटोवरून ते मिळेलच असं नाही. माझ्या मते पुराव्यासह ठरवलेलं कूळ हे अंदाजाने लावलेल्या जातीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाचं असतं. चुकीचं नाव एकदा नोंदीत शिरलं की ते काढणं फार जड जातं.

आधी एक गैरसमज दूर करू. 'मायक्रोलेपिडोप्टेरा', म्हणजे 'छोटे पतंग', हा निसर्गातला गट नाही, ती अभ्यासकांनी सोयीसाठी केलेली मोट आहे. पतंगांच्या वंशवृक्षाच्या खालच्या, जुन्या फांद्या परंपरेने यात टाकल्या गेल्या आणि त्यांतले बहुतेक पतंग आकाराने लहान निघाले, एवढंच. याच मोटेत मोडणाऱ्या कॉसिडी कुळात 20 सें.मी.हून अधिक पंखविस्ताराचे पतंगही आहेत. दुसरीकडे जिओमेट्रिडी आणि नोलिडी ही 'मोठ्यांची' कुळं. त्यांतले काही पतंग सेंटिमीटरभरसुद्धा भरत नाहीत. त्यामुळे लांबी मोजून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

पहिली पायरी: तो पतंगच आहे ना?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण कापडावर बसलेल्या कॅडिसफ्लाय, म्हणजे पतंगांसारखे दिसणारे दुसऱ्याच गणातले कीटक, पहिल्या नजरेत हमखास फसवतात. त्यांच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात आणि गुंडाळलेली सोंड नसते. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणाऱ्या केसाळ, हृदयाच्या आकाराच्या माश्याही अशाच. त्यांना पंखांची एकच जोडी असते. पंखाला ब्रशचं टोक हलकेच लावून पाहा. टोकावर पूड उतरली तर ते खवले, म्हणजे पतंग.

दुसरी पायरी: फोटो काढायचे ते तीन बाजूंनी

वरून एक, बाजूने एक, समोरून डोक्याचा एक. बहुतेक लोक फक्त वरचा फोटो काढतात आणि कूळ ठरवायला लागणाऱ्या निम्म्या खुणा तिथेच गमावतात. शेजारी मोजपट्टी ठेवा. पतंग चुळबुळ करत असेल तर छोट्या काचेच्या नळीत घालून काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तो थोडा वेळ शांत बसतो. पण एक अडचण आहे: गारठलेला पतंग आपली नैसर्गिक बैठक सोडून बसतो. म्हणून त्याला हात लावण्याआधीच, तो कापडावर जसा बसलाय तसा, बाजूचा फोटो घेऊन ठेवा.

नुसत्या दिव्यावर विसंबू नका. कित्येक छोटे पतंग दिवसा किंवा संध्याकाळी उडतात आणि दिव्याकडे फिरकत नाहीत. अ‍ॅडेलिडी कुळातले नर भर उन्हात झुडपांभोवती थव्याने नाचतात आणि त्यांच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पंखांच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात. संध्याकाळी गवतातून, झुडपांतून जाळी फिरवली की दिव्यावर कधी न आलेली मंडळी हाती लागतात.

तिसरी पायरी: बैठक वाचा

माझा सगळ्यात जास्त भरवसा या पायरीवर आहे. रंग विटतात, नक्षी झिजते, पण बसण्याची ढब कुळागणिक टिकून राहते.

पंख आडवे ताणून इंग्रजी टी अक्षर करून बसलेला, लांब काटेरी पायांचा पतंग टेरोफोरिडी कुळातला. त्याचा पुढचा पंख बहुधा दोन आणि मागचा तीन पिसांत चिरलेला असतो, पण बसताना तो ही पिसं गुंडाळून घेतो, त्यामुळे वरून नुसती काडी दिसते. चारही पंख सपाट पसरलेले आणि प्रत्येक पंख सहा पिसांत फाटलेला असेल, तर ते अ‍ॅल्युसिटिडी. अशी 24 पिसं मोजता आली की शंकेला जागाच राहत नाही. या कुळात जाती फार नाहीत, दोनशेच्या आसपास.

खांदे रुंद, पंखांची टोकं कापल्यासारखी सरळ आणि वरून बाह्यरेषा घंटेची, असा पतंग दिसला तर प्रथम टॉर्ट्रिसिडी तपासा. पंख अंगाभोवती घट्ट लपेटून गवताच्या काडीला चिकटलेला, तोंडापुढे लांब चोच काढलेला पतंग बहुधा क्रॅम्बिडीतला. याच कुळातला दुसरा मोठा गट मात्र पंख सपाट त्रिकोणात पसरून बसतो, म्हणून एकाच कुळाच्या दोन बैठका लक्षात ठेवाव्या लागतात.

पुढचे पाय ताठ करून छाती उंच उचललेली आणि पंखांची टोकं पानाला टेकलेली, ही बैठक ग्रॅसिलॅरिइडी कुळातल्या कॅलॉप्टिलिया प्रजातीची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि तिच्या सोयऱ्यांची. याच्या बरोबर उलट, डोकं खाली आणि मागचा भाग तिरका वर, असे बसतात अर्जिरेस्थिइडी. शृंगिका नाकासमोर सरळ रोखून धरलेल्या असतील तर दोन पर्याय आधी बघा. पंख अगदी चिंचोळे असतील तर कोलिओफोरिडी. पाठीवर पंख मिटल्यावर फिकट चौकटींची रांग दिसत असेल तर प्लुटेलिडी. कोबी-फ्लॉवरवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग याच कुळातला.

कोर्युटिडी कुळातल्या ब्रेन्थिया प्रजातीच्या पतंगांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे पतंग पंख उभारून झटके देत चालतात. पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके आणि ती चाल मिळून उड्या मारणाऱ्या कोळ्याचा भास होतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खरे कोळी या पतंगांसमोर आपल्याच जातीच्या कोळ्यापुढे करावेत तसे हावभाव करताना दिसले. ज्याने खायचं त्याचंच सोंग घेऊन वाचायचं. बैठकीचा फोटो घेतला नाही तर अशा पतंगाची ओळख पटवणारी सगळ्यात मोठी खूणच नोंदीतून जाते.

चौथी पायरी: डोकं

इथे दहापट भिंग हवंच. पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

शृंगिकेचा पहिला खंड रुंद होऊन डोळ्यावर टोपीसारखा आला आहे का? असेल तर यादी एकदम छोटी होते: नेप्टिक्युलिडी, ओपोस्टेजिडी, ब्युक्युलॅट्रिसिडी आणि लायोनेटिडीतले काही. नेप्टिक्युलिडीत डोक्यावर केसांचा झुबका असतो, अनेकदा नारिंगी. जगातले सर्वांत लहान पतंग याच कुळात आहेत. काहींचा पंखविस्तार 3 मि.मी.च्याही आत. ओपोस्टेजिडी बहुतेक पांढरेशुभ्र आणि टोपी डोक्याच्या मानाने भलती मोठी.

टोपी नसेल तर डोक्यावरचे खवले पाहा. ते केसांसारखे विस्कटलेले, सोंड आखूड किंवा नाहीशी आणि खालच्या ओठाच्या पाल्पवर, म्हणजे तोंडापुढच्या दोन खंडित स्पर्शकांवर, बाजूला ताठ केस असतील, तर टिनिइडी. लोकरी कपड्यांना लागणारी कसर म्हणतात तिच्यात या कुळातल्या टिनिओलाच्या अळ्या असतात. भिंतीवर सरपटणारी, दोन्ही टोकांनी उघडी, चपटी करडी पिशवी बऱ्याच घरांत दिसते. तिच्यातली फेरिओइका अळीसुद्धा टिनिइडीचीच, जरी पिशवी पाहून लोक तिला सायकिडी या पिशवीवाल्या अळ्यांच्या कुळात घालतात.

डोकं गुळगुळीत असेल तर पाल्प बाजूने बघा. ते लांब, टोकदार आणि कोयत्यासारखे वर वळून कपाळाच्याही वर गेले असतील तर पतंग बहुधा गेलेकिऑइडिया या अधिकुळातला, म्हणजे जवळच्या कुळांच्या गटातला. हे अवाढव्य अधिकूळ आहे, 18 हजारांवर जातींचं. पाल्प पुढे रोखलेले आणि मधला खंड खवल्यांनी फुगलेला, त्रिकोणी असेल तर टॉर्ट्रिसिडीचा संशय पक्का होत जातो.

आता निर्णायक खूण: सोंडेचा बुंधा. तो खवल्यांनी झाकलेला आहे की उघडा? गेलेकिऑइडिया, पायरॅलॉइडिया (पायरॅलिडी आणि क्रॅम्बिडी यांचं अधिकूळ) आणि कोर्युटिडी यांच्यात खवले असतात, टॉर्ट्रिसिडीत बुंधा उघडा असतो. खवले दिसले की पोटाच्या बुडाशी, खालच्या बाजूला कान शोधायचे. कानाचे खळगे सापडले तर पायरॅलिडी किंवा क्रॅम्बिडी. हे कान वटवाघळांच्या आवाजासाठी घडलेले. मधमाश्यांच्या पोळ्यात राहणारा मेणपतंग गॅलेरिया 300 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो, असं 2013 मध्ये दाखवलं गेलं. माणसाची मर्यादा 20 किलोहर्ट्झच्या आसपास संपते.

एखादा पतंग धातूसारखा चमकतोय, फुलात बसून परागकण खातोय आणि त्याला सोंडच नाही, तर तो मायक्रोप्टेरिजिडीतला. या कुळातल्या पतंगांना चावता येणारे जबडे आहेत. सोंड येण्याआधी पतंग कसे असतील याची कल्पना त्यांच्याकडे बघून येते.

पाचवी पायरी: पंख

मागचा पंख दिसेल असा फोटो किंवा नमुना लागतो. गेलेकिइडीत मागच्या पंखाचं टोक बोटासारखं पुढे आलेलं आणि त्याच्या खाली कड आत वळलेली असते. एवढं दिसलं की काम झालं. कापसावरची गुलाबी बोंडअळी, टोमॅटोवरची टुटा, बटाट्यावरची पाकोळी, साठवलेल्या धान्यातला सिटोट्रोगा हे सगळे याच कुळातले, आणि चौघांनाही ही खूण आहे. मागचा पंख गोलसर असेल तर ओइकोफोरिडी आणि तिच्या शेजारच्या कुळांकडे वळा. पंख भाल्याच्या पात्यासारखा निमुळता आणि त्याला पंखाहूनही रुंद झालर असेल तर कॉस्मोप्टेरिजिडी किंवा कोलिओफोरिडी.

पायरॅलिडी आणि क्रॅम्बिडी वेगळे करायला शिरा पाहाव्या लागतात. खवल्यांमुळे त्या दिसत नाहीत. मृत नमुन्याच्या पंखाखाली अल्कोहोलचा थेंब सोडला की काही क्षण पंख पारदर्शक होऊन शिरा उमटतात. पुढच्या पंखातली पाचवी रेडियल शीर (पंखाच्या पुढच्या कडेकडे आणि टोकाकडे जाणाऱ्या शिरांपैकी पाचवी) स्वतंत्र निघत असेल तर क्रॅम्बिडी. ती तिसऱ्या-चौथ्या शिरांच्या देठाला जोडलेली किंवा त्यांत विरलेली असेल तर पायरॅलिडी. भाताचा खोडकिडा आणि वांग्यातली शेंडे व फळे पोखरणारी अळी क्रॅम्बिडीत जातात. तांदळात जाळी करणारा कॉर्सिरा आणि मेणपतंग पायरॅलिडीत.

सहावी पायरी: अळीकडून ओळख

पतंग हाती नसला तरी पान हाती असतं, आणि पोखरलेलं पान कधीकधी पतंगापेक्षा जास्त बोलतं. पान उजेडासमोर धरा.

नागमोडी बोगदा असेल तर आधी अळी माशीची की पतंगाची ते ठरवा. बोगद्यात विष्ठेची एकच सलग रेघ मधोमध असेल आणि अळीला स्पष्ट डोकं असेल तर पतंग. विष्ठा आलटून पालटून दोन्ही कडांना आणि अळी बिनडोक्याची असेल तर बहुधा अ‍ॅग्रोमायझिडी कुळातली माशी. लिंबूवर्गीय झाडांच्या कोवळ्या पानांवरचा चंदेरी नागमोडी मार्ग फायलोक्निस्टिस सिट्रेलाचा, म्हणजे ग्रॅसिलॅरिइडीचा. या कुळातल्या लहान अळ्या चपट्या असतात. त्या पेशी कापून रस पितात. पुढे बहुतेक जातींत कात टाकल्यावर अळीचं रूपच बदलतं आणि ती पानाचा गर कुरतडू लागते.

पानाच्या खालच्या सालीला सुरकुती पडून तंबूसारखा फुगा आला असेल तर ग्रॅसिलॅरिइडीतलाच फायलोनोरिक्टर. तो त्या फुग्यातच कोष करतो. नेप्टिक्युलिडीची अळी मात्र जवळजवळ नेहमी बोगदा सोडून बाहेर येते आणि दुसरीकडे रेशमी आवरण विणते. त्यामुळे रिकामा बोगदा आणि टोकाला बाहेर पडल्याची चीर, एवढंच हाती उरतं. पानावर पांढरट डाग, त्यात विष्ठेचा मागमूस नाही आणि मधोमध बारीक गोल छिद्र असेल तर कोलिओफोरिडी. ही अळी पिशवीत राहते, छिद्रातून डोकं घालून खाते आणि विष्ठा पिशवीच्या मागच्या टोकातून बाहेर टाकते.

पान फ्लॅट डब्यात, किंचित ओलसर टिपकागदावर ठेवा. पाणी साचलं तर बुरशी, वाळलं तर अळी उपाशी. रोज बघावंच लागतं. डब्यावर झाडाचं नाव आणि तारीख आजच लिहा. झाडाचं नाव नसलेला पतंग निम्मा वाया गेला असं समजा, कारण यांतल्या कित्येक जाती एकाच झाडावर किंवा एकाच वनस्पतिकुळावर जगतात. पतंगाऐवजी गांधीलमाशीच्या जातकुळीतला इवलासा परजीवी बाहेर पडला तर त्यालाही जपून ठेवा. तो कुणाच्या अळीतून आला याची नोंद दुर्मीळ असते.

सातवी पायरी: नावातला सुगावा आणि वंशवृक्षाचा आराखडा

1758 मध्ये, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने पतंगांचे गट पाडताना नावांना शेपट्या लावल्या. टिनिया गटाला 'एला', टॉर्ट्रिक्सला 'आना', पायरॅलिसला 'आलिस', पिसांच्या पतंगांना 'डॅक्टिला'. पुढच्या अभ्यासकांनीही हा रिवाज बराच पाळला, म्हणून आजही झायलोस्टेला, ऑर्बोनालिस, पेंटाडॅक्टिला ही नावं वाचली की ढोबळ दिशा कळते. ढोबळच हं. सफरचंदातली अळी पोमोनेला आज टॉर्ट्रिसिडीत आहे, पण लिनियसने तिला टिनिया मानलं होतं, आणि जातीचं नाव बदलत नसल्यामुळे ती शेपटी तशीच राहिली.

कुळं कशी रचायची? बुडाशी जबड्यांचे मायक्रोप्टेरिजिडी. मग सोंडवाल्यांची फांदी. तिच्यातल्या सुरुवातीच्या फांद्यांत नेप्टिक्युलिडी आणि अ‍ॅडेलिडी येतात, आणि त्यानंतर डायट्रिसिया: ज्यांच्या मादीला मीलनासाठी आणि अंडी घालण्यासाठी वेगवेगळी छिद्रं असतात. सुमारे 98 टक्के जाती यातच मोडतात. डायट्रिसियात प्रथम टिनिइडी-सायकिडी, नंतर ग्रॅसिलॅरिइडी आणि प्लुटेलिडीकडच्या फांद्या, त्यांच्या पुढे टॉर्ट्रिसिडी, टेरोफोरिडी, गेलेकिऑइडिया, आणि वरच्या बाजूला पायरॅलिडी-क्रॅम्बिडी, जे मोठ्या पतंगांचे जवळचे नातलग ठरतात. डीएनएवर आधारलेल्या वंशवृक्षांत फुलपाखरंही याच छोट्या पतंगांच्या गर्दीतली एक फांदी म्हणून येतात. आराखडा अजून हलतो आहे. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटावरच्या एका पतंगासाठी एनिग्मॅटिनिइडी हे अख्खं नवीन कूळ मांडावं लागलं.

आठवी पायरी: जातीपर्यंत जायचंच असेल तर

एडवर्ड मेरिक हे इंग्लंडमधले शाळामास्तर. त्यांनी जगभरातून आलेल्या नमुन्यांवरून 14 हजारांहून अधिक जातींची वर्णनं लिहिली, प्रामुख्याने भिंगातून दिसणाऱ्या शिरा, पाल्प आणि नक्षी यांवरून. जननेंद्रियं तपासण्याला त्यांनी महत्त्व दिलं नाही आणि त्यामुळे पुढच्या पिढ्यांना त्यांच्या नमुन्यांची पोटं पुन्हा उघडावी लागली. सारख्या दिसणाऱ्या जातींत फरक बहुधा तिथेच असतो.

पद्धत अशी. पोट अलगद वेगळं करा आणि 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा. गरम केलं तर काही मिनिटांत, गार राहू दिलं तर रात्रभरात मऊ भाग विरघळतो. हे द्रावण कातडी आणि डोळे भाजतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. मग पाण्यात बारीक ब्रशने खवले झाडा, जननेंद्रियं सुट्टी करा, रंग द्या, काचपट्टीवर बसवा. काचपट्टीवर आणि टाचणीवरच्या पतंगाखाली एकच क्रमांक हवा. दोघांची ताटातूट झाली की दोन्ही निरुपयोगी. नमुने गोळा करायला परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. अभयारण्यात तर नक्कीच लागते.

डीएनए बारकोडसाठी एक पाय पुरतो. 2003 पासून रूढ झालेल्या या पद्धतीत सीओआय या जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचून संग्रहाशी ताडतात. जवळचा जुळणारा नमुना मिळाला तरी तो कुणी, कशावरून ओळखला होता ते बघा; संग्रहातली ओळख चुकलेली असेल तर तीच चूक तुमच्याकडे येते. काहीच जुळलं नाही तर नोंदीत कुळाचं नाव लिहा, पुढे 'जाती अनिश्चित' लिहा, आणि ठिकाण, तारीख, उंची, यजमान झाड आणि पानातल्या बोगद्याचा फोटो त्याच क्रमांकाखाली जोडा. उरलेला पतंग कोरड्या, बंद पेटीत ठेवा आणि पेटीत मुंग्या-किडे शिरणार नाहीत याची दर काही महिन्यांनी खात्री करा.